मायच्या घोट्यावरचा घाव भरतच नाही – फुगलेल्या नसांबद्दल नीट समजावून सांगा

पऱ्हाटीवाला (दारव्हा)

नमस्कार मंडळी. माझ्या मायच्या डाव्या पायाच्या नसा बऱ्याच वर्षांपासून फुगलेल्या आहेत. मांडीच्या आतल्या बाजूने निघून टोंगळ्याजवळून पोटरीपर्यंत वेड्यावाकड्या गाठी दिसतात. आधी तिनं कधी फार तक्रार केली नाही. सायंकाळी वावरातून आली की पाय जड झाले म्हणायची, रात्री पोटरीत वांब यायचे, तेल चोळून झोपायची. मग आतल्या घोट्याच्या वर कातडी काळपट झाली, खाजायला लागली. मागच्या वेचणीत तिथेच पऱ्हाटीचं धसकट लागलं आणि घाव झाला. तो आता वाढत वाढत अर्ध्या तळहाताएवढा झाला आहे.

मलम, पावडर, इंजेक्शनं, सगळं झालं. भरत येतो आणि पुन्हा फुटतो. शुगर तपासली, नाही. गावात कोणी म्हणते रक्त खराब हाय, कोणी म्हणते जळू लावा, कोणी म्हणते नस कापली की पाय लुळा पडते. हे ऐकून माय इतकी घाबरली आहे की दवाखान्याचं नाव काढू देत नाही. नसा फुगतात म्हणजे आत नेमकं काय होतं, आणि घाव का भरत नाही? मला आधी कळलं तर मी तिला समजावू शकतो.

सरकीपेंड

आमच्या काकूचं अगदी असंच होतं. वाचतो आहे.

टाकेदोरे

मी सर्जन आहे, विदर्भातल्याच एका सरकारी दवाखान्यात काम करतो. असे पाय आमच्या ओपीडीत रोज येतात, आणि बहुतेक जण घाव झाल्यावरच येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या त्या धमन्या. त्यांच्यामागे हृदयाचा जोर असतो. पायाकडून हृदयाकडे परत नेणाऱ्या त्या शिरा, ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो. पायाच्या बारीक जाळ्यातून रक्त शिरेत येईपर्यंत हृदयाचा जोर जवळजवळ संपलेला असतो. आणि माणूस उभा असेल तर घोट्यापासून छातीपर्यंत रक्ताला वर चढायचं असतं. स्वस्थ उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. हा निव्वळ वरच्या रक्ताच्या उंचीचा दाब, तो तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच पायात असतो.

मग रक्त वर चढवतं कोण? पोटरी. पायाच्या शिरा दोन थरांत असतात. एक थर कातडीच्या लगेच खाली, दुसरा खोल, स्नायूंच्या मध्ये. दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या शिरा जागोजागी असतात. परत जाणाऱ्या रक्तापैकी साधारण ९० टक्के रक्त खोल शिरांमधून जातं. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, मधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडला की रिकाम्या झालेल्या खोल शिरेत वरच्या थरातलं रक्त ओढलं जातं. चांगल्या पायात चार पावलं चालल्याबरोबर घोट्याजवळचा तो ८०-९० चा दाब ३० च्या खाली उतरतो.

आता झडपांचं काम. शिरांच्या आत ठरावीक अंतरावर दोन पातळ पाकळ्यांच्या झडपा असतात. रक्त वर जाताना त्या उघडतात, खाली यायला लागलं की मिटतात. आडव्या शिरांमधल्या झडपा वरच्या थरातून खोल थरात जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. एवढी सोय चोख असेल तर दिवसभर वावरात राबूनही पाय सुजत नाही.

तुमच्या मायच्या वर्णनावरून बिघाड त्या मोठ्या वरच्या शिरेत वाटतो, जी आतल्या घोट्यापासून निघून थेट जांघेत खोल शिरेला मिळते. शरीरातली सगळ्यात लांब शीर ती. जांघेतल्या त्या संगमाजवळची झडप गळायला लागली की वरचं रक्त मांडीतून खाली येतं. त्याच्या भारानं शीर रुंदावते. रुंदावली की पुढच्या झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, ती गळते. मग त्याखालची. असं एकेक टप्प्यानं गळती पोटरीपर्यंत उतरते. शीर लांबते, जागा पुरत नाही म्हणून वेडीवाकडी वळते, आणि त्याच तुम्हाला दिसणाऱ्या गाठी.

अशा पायात चाललं तरी घोट्याजवळचा दाब हवा तेवढा उतरत नाही. पोटरी ढकलते तेवढंच वरून पुन्हा खाली येतं. दिवसभर दाबाखाली राहिलेल्या बारीक वाहिन्यांतून पाणी झिरपतं, ती सूज. तांबड्या पेशी झिरपतात, त्या फुटून त्यांच्यातलं लोह कातडीत बसतं, तो काळपटपणा. खालची चरबी कडक होते, कातडी चकाकते, खाजते. त्या कातडीला नीट पोषणच मिळत नाही. तिथं धसकट लागलं, नख लागलं, की घाव. घाव बहुतेक वेळा आतल्या घोट्याच्या वरच का होतो, याचं कारण हेच. दाब सगळ्यात जास्त तिथं असतो.

म्हणून मलमानं भरत नाही. घाव घोट्यावर आहे आणि दोष जांघेत. रक्त खराब नाही, रक्ताची वाट खराब आहे, हे मायला ठासून सांगा.

मोटारवाइंडिंग (काटोल)

डॉक्टर साहेब, हे तर विहिरीवरच्या मोटारीच्या फुटबॉलसारखं, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेसारखं झालं. फुटबॉल गळका झाला की पाइपातलं पाणी विहिरीत उतरते, मग मोटार कितीही चालवा, पाणी उचलत नाही. आमच्याकडे लोक येतात आणि म्हणतात मोटार खराब आहे. मोटार चांगलीच असते.

टाकेदोरे

अगदी तसंच. फरक एवढाच की विहिरीत फुटबॉल एकच आणि तळाशी असतो. पायात झडपा अनेक असतात आणि गळती बहुतेक वेळा वरून सुरू होऊन खाली येते. म्हणून आम्ही आधी वरची गळती शोधतो.

विज्ञानसर (मोर्शी)

झडपांचा विषय निघाला म्हणून सांगतो. इटलीतल्या पादुआ इथं फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे शिक्षक होते. त्यांनी १६०३ मध्ये शिरांमधल्या झडपांवर पुस्तक छापलं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना बरोबर उमगलं नाही. त्यांचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्यानं १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा आधार घेतला.

त्याचा प्रयोग मी आठवीच्या पोरांना दरवर्षी करून दाखवतो. दंडावर रुमाल बांधायचा, फार घट्ट नाही. हातावरच्या शिरा फुगतात आणि मध्ये मध्ये बारीक गाठी दिसतात, तिथं झडपा असतात. एका बोटानं मनगटाकडची शीर दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटानं तिथून वरच्या गाठीच्या पलीकडे रक्त सारायचं. दुसरं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. खालचं बोट काढलं की खालून भसकन भरतो. ज्यांचे हात कामानं राबलेले असतात त्यांच्या हातावर हे फार छान दिसतं. पऱ्हाटीवाले दादा, हे मायला तिच्याच हातावर करून दाखवा, मग पायाचं सांगायला सोपं जाईल.

झाडीपट्टीची लेक (साकोली)

मला आठवा महिना आहे. पहिल्या बाळंतपणातही पोटरीवर नसा आल्या होत्या, नंतर कमी झाल्या. या वेळी मांडीपर्यंत आल्या आहेत. सासूबाई म्हणतात, रोवणीत खूप वाकून उभी राहिली म्हणून झालं. बाळाला काही होईल का?

टाकेदोरे

ताई, बाळाला काही होत नाही. गरोदरपणात शरीरातलं रक्त वाढतं, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढलेली पिशवी पोटातल्या मोठ्या शिरांवर भार टाकते. तिन्ही गोष्टी एकदम. रोवणीचा दोष नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात, म्हणून आता ऑपरेशनचा विचार नको. डाव्या कुशीवर झोपा, बसताना पाय पाटावर घ्या. मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून कडक झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती खोल शिरेत गुठळी असू शकते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही हे लक्षात ठेवा.

निवृत्त आरोग्यसेवक (ब्रह्मपुरी)

माझी सगळी नोकरी झाडीपट्टीत हत्तीरोगाच्या कामात गेली. रात्री साडेआठनंतर कंदील घेऊन घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायचो, कारण हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात येतात. आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की लोक हत्तीपाय म्हणून मोकळे होतात आणि मग लाजेनं घराबाहेर पडत नाहीत. किती तरी बायाबापड्यांचे पाय शिरांच्या दोषानं सुजलेले होते आणि त्यांना उगाच हत्तीपायवाले म्हणून जगावं लागलं. याचं मला फार वाईट वाटतं.

ढोबळ ओळख सांगतो. हत्तीरोगात रक्ताच्या शिरा नाही, लसिकेच्या, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी परत नेणाऱ्या, वाहिन्या तुंबतात. सूज पावलावर आणि बोटांवरही असते, कातडी जाड होते. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहा, धरता येत नसेल तर हत्तीरोगाचा संशय घ्यावा. शिरांच्या सुजेत बोटं बहुतेक मोकळी असतात, घोटा आणि त्याच्या वरचा भाग सुजतो, रात्री पाय वर घेऊन झोपलं की सकाळी उतरते. जुन्या दुखण्यात दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून शेवटी डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणखी एक. आपल्या भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या माणसालाही घोट्याजवळ न भरणारे घाव होतात. मायची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

पऱ्हाटीवाला

नाही झाली काका. लिहून घेतो. आमच्या घरात कोणाला असल्याचं माहीत नाही, पण तपासून घेतो.

सरकीपेंड

मी वर काकूचं म्हटलं ते पूर्ण सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल. एका पहाटे न्हाणीत तिच्या घोट्याजवळची फुगलेली नस फुटली. दुखलंसुद्धा नाही तिला. पाय ओला लागला म्हणून पाहिलं तर फरशीवर रक्त. शेजारच्यांनी धावत येऊन टोंगळ्याखाली लुगड्याची पट्टी करकचून बांधली आणि तिला खुर्चीवर बसवलं. रक्त थांबेना, उलट जोरात यायला लागलं. गावात तेव्हा आलेल्या नर्सताईंनी पट्टी सोडली, तिला खाली झोपवलं, पाय भिंतीला उंच टेकवला आणि फुटलेल्या जागेवर स्वच्छ रुमाल दाबून धरला. पाच मिनिटांत थांबलं.

टाकेदोरे

नर्सताईंनी जीव वाचवला. शिरेच्या रक्तस्रावात वर बांधलं की रक्त परत जायची वाट बंद होते, धमनीतून मात्र येतच राहतं, म्हणून वाढतं. झोपवा, पाय छातीच्या वर घ्या, बोटानं थेट दाबा, निदान दहा मिनिटं मधे उघडून पाहू नका. ज्यांच्या घोट्याजवळ निळसर पातळ कातडीची फुगलेली नस आहे, त्यांच्या घरच्यांनी हे आजच सगळ्यांना सांगून ठेवा.

पऱ्हाटीवाला

डॉक्टर साहेब, जळवांबद्दल आणि पाय लुळा पडण्याबद्दल काय सांगू? आणि नसांसाठी पाय दाबून धरणारे घट्ट मोजे घाला म्हणतात, पण आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो. माय कसे घालणार?

टाकेदोरे

जळू वरच्या शिरेतलं थोडं रक्त ओढते. झडप तशीच राहते, शीर पुन्हा भरते. उघड्या घावावर लावली तर तिच्या पोटातल्या जंतूंचा संसर्गही होऊ शकतो. घाव असताना नकोच.

पाय लुळा पडत नाही. हृदयाच्या बायपासमध्ये सर्जन रक्ताची नवी वाट करायला पायातली हीच लांब शीर काढून घेतात. ती माणसं त्याच पायांनी चालत घरी जातात. खोल शिरा चांगल्या असतील तर ही वरची शीर बंद केल्यानं रक्ताची अडचण होत नाही, उलट गळती थांबते. काहींना पोटरीच्या आतल्या बाजूला किंवा घोट्यापाशी थोडी बधिरता राहते. काही वर्षांनी दुसऱ्या शिरा फुगूही शकतात. हेही मायला सांगा. लपवून नेलं आणि नंतर कळलं तर तिचा विश्वास उडेल.

ऑपरेशन म्हणजे हल्ली बहुतेक वेळा चिरफाड नाही. सोनोग्राफीत बघत टोंगळ्याजवळ सुईएवढ्या छिद्रातून तार आत सरकवतात आणि लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतून बंद करतात. जागा बधिर करून होतं, त्याच दिवशी चालवतात. लहान शिरांना औषधाचा फेस टोचतात. जिथं ही यंत्रं नाहीत तिथं जांघेत छोटा छेद देऊन शीर बांधतात आणि काढतात, तीही जुनी, खात्रीची पद्धत आहे. घाव असलेल्या रुग्णांत हे लवकर करावं की घाव भरल्यावर, याचा ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना दाबपट्ट्या होत्या. लवकर शीर बंद केलेल्यांचे घाव साधारण ५६ दिवसांत भरले, उशिरा केलेल्यांचे ८२ दिवसांत. म्हणून वाट पाहत बसू नका.

मोज्यांचं. तुमची अडचण खरी आहे, मी ती रोज ऐकतो. टोंगळ्याखालपर्यंतचे मोजे बहुतेकांना पुरतात, मांडीपर्यंतचे नको. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी घालायचे, कारण उभं राहिल्यावर सूज भरते आणि मग ते चढत नाहीत. रात्री काढायचे. उन्हाळ्यात दुपारी घरी असताना काढून पाय वर घेऊन पडलं तरी चालेल, पण सकाळच्या कामात घालावेत. उष्णतेनं शिरा आणखी रुंदावतात, म्हणून नेमका उन्हाळ्यातच त्रास वाढतो. नव्यानं सवय लावायची तर वेचणीचे थंडीचे महिने चांगले. उघडा घाव असताना मात्र मोज्यांऐवजी पट्टी बांधतात.

आणि हे फार महत्त्वाचं: घट्ट मोजे किंवा पट्टी घालण्याआधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि शुगर असलेल्यांच्या धमन्या आवळलेल्या असू शकतात. तिथं घट्ट पट्टी बांधली तर बोटं काळी पडतात. पावलावरची नाडी लागते का, हे डॉक्टर बोटानं पाहतात, शंका असली तर घोट्याचा रक्तदाब घेतात.

पोटरी आणि पायवाट

मी फिजिओथेरपिस्ट. एक भर घालते. लोक पाय सुजला की चालणं बंद करतात. त्रास चालण्याचा नसतो, एका जागी उभं राहण्याचा असतो. पीठगिरणीवाले, नाश्त्याच्या टपरीवर पोहे देणारे, न्हावी, शिक्षक, जिनिंगमधले मजूर यांना सांगावंसं वाटतं की उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत राहा. पोटरी आवळली की रक्त चढतं. मायसारख्या रुग्णांचा घोटा दुखण्यामुळे आखडतो. तो वाकला नाही तर पोटरी पूर्ण आवळत नाही. खाटेवर बसून पाऊल वर ओढणं, खाली दाबणं, दिवसातून चार-पाच वेळा करून घ्या. खाटेच्या पायथ्याच्या दोन खुरांखाली विटा ठेवा, रात्रभर पाय उंच राहतो. उशीवरून पाय झोपेत घसरतो.

पऱ्हाटीवाला

उशिरा लिहितो आहे, सोंगणी चालू होती. हातावरचा प्रयोग केला. मायनं दोनदा करायला लावला, मग शेजारणीला बोलावून तिच्या हातावर स्वतः करून दाखवला. बायपासचं ऐकून म्हणाली, मग त्या माणसाले चालता येते तर मले काहून नाही येणार. यवतमाळला शासकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत नेलं. उभं करून डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली. जांघेतली झडप गळते आहे, खोल शिरा मोकळ्या आहेत. पावलावरच्या नाड्या चांगल्या लागल्या. सिकलसेल निगेटिव्ह. पट्टी सुरू झाली, ऑपरेशनची तारीख मिळते म्हणाले.

दोन प्रश्न. खर्चाचं काय करू? आणि पट्टी गावात कोण बांधणार, दर वेळी यवतमाळ जमत नाही.

निवृत्त आरोग्यसेवक

दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉपलरचा कागद दाखवून हे ऑपरेशन तिथं योजनेत बसतं का, हे भरती व्हायच्या आधी विचारा. रेशनकार्डावर मायचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही आजच पाहा. आपल्याकडे बायांची नावं दोन कागदांवर दोन तऱ्हेची असतात आणि ऐनवेळी तारीख हुकते.

टाकेदोरे

उपकेंद्रातल्या सिस्टरना यवतमाळचा कागद दाखवून शिकून घ्या, घरातल्या एकानं तरी शिका. बोटांच्या मुळापासून सुरू करायची, टाच झाकायची, आधीचा निम्मा पट्टा झाकत वर टोंगळ्याखाली दोन बोटं थांबायचं. घोट्यापाशी सगळ्यात घट्ट, वर जाताना सैल. उलट झालं तर टोंगळ्याखाली काच पडून पाय आणखी सुजतो. बांधल्यावर बोटं गार, निळी पडली किंवा जास्त दुखलं तर लगेच सोडायची. बांधून झाल्यावर मायला अंगणात चालवा.

पऱ्हाटीवाला

रेशनकार्डावर तिचं माहेरचं नाव निघालं काका. उद्याच तहसीलला जातो.